फीचा आकडा तोंडातून निघू दे

अगं, कोच लावू का, असं विचारणारा तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्यात कोचचं नाव आहे, त्याचे फॉलोअर किती ते आहे, फी आहे, फीचे हप्तेही आहेत. तुझं पहिलं गिऱ्हाईक कोण असेल, हे मात्र कुठेच नाही. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतेस आणि शेवटी तुला हवं तेच करतेस. लिहिलेलं निदान पुन्हा वाचता येतं.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तू गाल फुगवून बसणार नाहीस. नोकरी सोडून स्वतःचं सल्ल्याचं काम सुरू करायचं म्हणतेस, ते मला पटलंय. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालीस, इतकी वर्षं त्या संस्थेत राहून शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करून दिल्यास, सातबारे गोळा करण्यापासून संचालकांची भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं केलंस. हे काम तुला येतं. कोच लावण्यालाही माझा विरोध नाही. मी स्वतः लावला होता, हे तुला माहीत आहे. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सल्ल्याचं काम अडतं ते एकाच जागी, सल्ल्याचे पैसे मागताना. कोच घ्यायचा तर त्या एका गाठीसाठी घे. बाकी तो जे देऊ करतोय, लोगो, फनेल, वेबिनार, पर्सनल ब्रँडिंग, त्यातलं काहीही आज तुझ्या उपयोगाचं नाही.

बघ ना, आपल्याकडे सल्ला किती फुकट आहे. अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत बाहेर येतं: पाऊस कसा, पीक कोणतं साधेल, राजा टिकेल का. फुकट. पंजाब डखांचा हवामानाचा व्हिडिओ फुकट. कृषी विज्ञान केंद्रं जिल्ह्यात दोन, एक बुलढाण्याला, एक जळगाव जामोदला; तिथे तज्ज्ञ बसलेत, माती, कीड, रोग काहीही विचारा. फुकट. आणि सगळ्यांत मोठा सल्लागार म्हणजे कृषी केंद्रवाला. सोयाबीन पिवळं पडलं की शेतकरी पान खिशात घालून त्याच्याकडे जातो. तो पान उलटंपालटं करतो, दोन बाटल्या काउंटरवर ठेवतो. सल्ल्याचे पैसे मागत नाही. मागायची गरजच नसते, ते बाटलीत असतात.

तुझी पंचाईत अशी, की तुझ्याकडे बाटली नाही. नुसतं बोलणं आणि कागद. केंद्र सरकारने एप्रिल २००२ मध्ये ॲग्री-क्लिनिकची योजना आणली ती नेमकी याच आशेवर, की कृषी पदवीधर पिकांचा दवाखाना काढतील आणि शेतकरी तपासणीचे पैसे देतील. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेकडे तिचा कारभार. ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण, एकट्याला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प, त्यावर सर्वसाधारण गटाला ३६ टक्के आणि महिलांना ४४ टक्के अनुदान. आता आपल्या ओळखीत ज्यांनी ते केलं त्यांच्या पाट्या आठव. दवाखाना म्हणून उघडलेल्या जागेत आज खताची पोती आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. घर चालवायचं होतं, आणि पान बघायचे पैसे कुणी देईना.

पण म्हणून "आपल्याकडे लोक सल्ल्याचे पैसे देतच नाहीत" हे जे तू लिहिलंयस, ते खोडून टाक. महिला आर्थिक विकास महामंडळाची, आपल्या 'माविम'ची, लोकसंचालित साधन केंद्रं तू पाहिली आहेस. बचत गटातल्या बायका त्या केंद्राला सेवाशुल्क देतात. गटाचा हिशोब तपासून द्या, बँकेचं प्रकरण करून द्या, प्रशिक्षण घ्या, त्याचं शुल्क. केंद्राचा खर्च गटांच्या या पैशातून भागत जावा, अशी त्याची मांडणीच आहे. ज्या बाया दुसऱ्याच्या वावरात निंदायला जातात, त्या हे शुल्क देतात. आणि ज्यांच्या घरापुढे ट्रॅक्टर उभा आहे ते शेतकरी कंपन्यांचे संचालक देणार नाहीत? बाया का देतात, याचा विचार कर. काम काय ते आधी ठरलेलं असतं, रक्कमही आधीच माहीत असते, आणि तिथे कुणी "तुम्हाला जमेल तसं द्या हो" म्हणत नाही.

हे "जमेल तसं" फार वाईट बघ. आपल्या घरात ते आपल्याला लहानपणापासून शिकवलंय.

आता गिऱ्हाईक. तुझं गिऱ्हाईक शेतकरी नाही, शेतकऱ्यांची कंपनी आहे, एवढं तरी मेसेजमध्ये स्पष्ट हवं होतं. २०२० मध्ये १० हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारायची केंद्राची योजना आली. एका कंपनीला व्यवस्थापनाच्या खर्चासाठी ३ वर्षांत १८ लाखांपर्यंत, आणि तिचा हात धरून चालवणाऱ्या संस्थेला ५ वर्षांत २५ लाखांपर्यंत. हे आकडे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पण त्यांच्याकडे या बाजूने बघ: एका कंपनीचा हात धरायला सरकारनेच २५ लाखांची किंमत लावली आहे. ती परस्पर संस्थेला जात होती, म्हणून संचालकांना वाटलं तू फुकट येतेस. मॅडम येतात, रजिस्टर लिहून देतात, चहा घेऊन जातात. आता तीच मॅडम बिल घेऊन येणार, तर त्यांना धक्का बसणारच. तो धक्का कसा द्यायचा, यावर तुझं पहिलं वर्ष ठरेल.

ज्या कंपन्यांची तीन वर्षं संपत आली आहेत, त्यांची यादी कर. सीईओचा पगार आता त्यांना धंद्यातून काढायचा आहे. त्यांतल्या ज्यांनी सोयाबीनची, तुरीची थोडीफार तरी खरेदी-विक्री केली आहे, ज्यांच्या खात्यात स्वतःचे पैसे फिरलेत, त्यांच्यावर खूण कर. ज्यांनी फक्त अनुदानाची वाट पाहिली, त्यांना सध्या सोड. ती माणसं वाईट नाहीत. त्यांच्याकडे द्यायला काही नाही, एवढंच.

त्यांना विकायचं काय? "सर्व प्रकारचे मार्गदर्शन" नको. उत्पादक कंपनीचे कागद बहुतेक ठिकाणी रखडलेले असतात, तिथून सुरू कर. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा, सभेनंतर ३० दिवसांत ताळेबंद दाखल, ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. दोन फॉर्म एक वर्ष पडून राहिले, की ७३,००० रुपये. फॉर्म प्रमाणित करणं हे सीए, सीएसचं काम, तुझं नाही. पण त्यांच्यापर्यंत कागद धड पोचवणं, सभा वेळेवर लावणं, इतिवृत्त लिहून घेणं, भागधारकांची यादी जुळवणं, हे या जिल्ह्यात फार कमी जणांना येतं, आणि तुला ते झोपेतही येतं. त्याला जोडून बँकेसाठी किंवा राज्य सरकारच्या 'स्मार्ट'सारख्या प्रकल्पासाठी व्यवसाय आराखडा. एवढ्या दोनच गोष्टी. तिसरी पुढच्या वर्षी.

दराचं गणित मांडून दाखवते. समज, महिन्याला ४०,००० घरी न्यायचे आहेत. पेट्रोल, इंटरनेट, लॅपटॉपची झीज, सीएची फी मिळून १५,००० धर. म्हणजे ५५,००० यायला हवेत. महिन्यात बिल लावता येईल असे दिवस तुला वाटतात तेवढे नसतात. निम्मे दिवस फिरण्यात, फोनमध्ये, "साहेब आज नाहीत, उद्या या" यात जातात. ११ दिवस धरले तर दिवसाचे ५,००० पडतात. आता हा आकडा संचालक मंडळासमोर बोलून बघ. योजनेत सीईओचा पगार महिन्याला २५,००० पर्यंत धरलेला आहे. चेअरमन लगेच म्हणणार, "अन् मॅडमले एका दिवसाचे पाच हजार काहून?" तो चुकीचं बोलत नाहीये. त्याला दिवस दिसतो, काम दिसत नाही. म्हणून दिवसाचा दर तुझ्या वहीत राहू दे, त्याच्यासमोर कामाची रक्कम ठेव: वर्षाचं कागदोपत्री काम अमुक, आराखडा तमुक, निम्मे आधी. आणि शेजारी ते ७३,००० लिहून दाखव.

आता ये कोचकडे.

मी ज्यांच्याकडे शिकले त्या पुण्याच्या बाई, एका मोठ्या कंपनीत माणसांचं खातं सांभाळून निवृत्त झालेल्या. माझं खामगाव कुठे आहे हे त्यांना मी सांगितलं. डाळ मिलचा प्रोजेक्ट रिपोर्ट कसा असतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याने काही अडलं नाही. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, दर किती ठेवू? त्या म्हणाल्या, "किती ठेवायचा विचार आहे?" मला इतका राग आला! मनात म्हटलं, उत्तर मलाच द्यायचं तर यांना पैसे कशाचे देतेय? पण त्यांचं काम तेच होतं. मग त्यांनी मला रक्कम मोठ्याने बोलायला लावली. त्या गिऱ्हाईक, मी मी. मी सुरू केलं, "म्हणजे तसं बघाल तर साधारण, तुमचा व्याप बघून, आपण काहीतरी…" "पुन्हा." पुन्हा म्हटलं. "पुन्हा." शेवटी नुसती रक्कम उरली. तीन शब्दांची. आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणं सगळ्यांत अवघड गेलं गं. रक्कम बोलून झाली की दोन-चार सेकंद जी शांतता पडते ना, ती आपण बायका भरून काढतो, आणि भरून काढताना स्वतःचाच दर कमी करून टाकतो. त्या शांततेत काही बोलायचं नाही, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

दुसरं म्हणजे दर आठवड्याला तेच प्रश्न. कुणाला फोन केला? कुणाचे पैसे यायचे आहेत? मागितले का? का नाही मागितले? "ते ओळखीचे आहेत" हे उत्तर त्यांना चालायचं नाही. खामगावात कोण ओळखीचं नाही, मला सांग. त्यांच्या धाकाने मी येणेबाकीची यादी करायला लागले. ती सवय अजून आहे. तुझे दाजी अजून हसतात, म्हणतात, ती यादी बघून तू रडतेस तेवढी सिरियल बघूनही रडत नाहीस.

तर कोचकडून हे मिळतं. तो प्रश्न विचारतो आणि तू जे टाळतेस तिथे तुला परत आणून बसवतो. धंद्यातलं कसं काय ते सांगणारा निराळा, त्याला मार्गदर्शक म्हण. आणि करून देणारा तिसरा. तुला आलेल्या जाहिरातीत तिन्ही एकाच माणसात आहेत. शिवाय तो गिऱ्हाईकंही आणून देणार, ९० दिवसांत. इथेच माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. त्याची गत आपल्याकडच्या पाणाड्यासारखी आहे: विहिरीला पाणी लागलं तर त्याच्या गुणाने, नाही लागलं तर तुझ्या नशिबाने, आणि दक्षिणा आधीच घेऊन झालेली.

मार्गदर्शक मात्र तुला हवाच, आणि तो इथेच मिळेल, पैसे न देता. ॲग्री-क्लिनिकचं प्रशिक्षण घेतलंस तर ते देणारी संस्थाच पुढे वर्षभर तुझा पाठपुरावा करते. बँकेचं प्रकरण, परवाने यांत मदत करते. योजनेतच ते धरलेलं आहे. शिकायचं राहिलं असेल तर ते कर, दुकान काढायचं नसलं तरी. उद्योजकता विकास केंद्राचे लोक जिल्हा उद्योग केंद्रात भेटतात. आणि मेहकर, चिखलीकडचा एखादा जुना सीए किंवा बँकेतून निवृत्त झालेला शाखाधिकारी गाठ. अशा माणसासमोर हजारो प्रकरणं नाकारली गेलेली असतात. तुझा आराखडा कुठे नाकारला जाईल ते तो दोन मिनिटांत सांगेल. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन बस. पेढे ने, बिल मागणार नाही.

कोच पैसे देऊनच घ्यायचा असेल, तर पारखून घे. भारतात कोच व्हायला परवाना लागत नाही. उद्या मी बाजार समितीच्या दारात पाटी लावली तर मला कुणी अडवणार नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन म्हणून एक जागतिक संघटना आहे, १९९५ पासूनची. तिची ओळखपत्रं तीन पायऱ्यांची: एसीसीसाठी कोचिंगचे किमान १०० तास झालेले लागतात, पीसीसीसाठी ५००, एमसीसीसाठी २,५००. ओळखपत्र आहे म्हणून माणूस चांगलाच असेल असं नाही, पण निदान त्याने तेवढे तास कुणासमोर बसून काढलेत. तुझ्या त्या कोचला विचार, तुझ्याकडे यातलं काय आहे. मग विचार, तुझ्या जुन्या तीन गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन करू का? व्हिडिओ नको, फोन. आणि विचार, तालुक्याच्या गावात तू कधी बिल पाठवलं आहेस का? पुण्या-मुंबईत ज्याचं सगळं आयुष्य गेलं तोही चांगला कोच असू शकतो, माझ्या बाई तशाच होत्या. पण त्याला हे माहीत नसेल तर त्याने ते कबूल करायला हवं. "मार्केट सगळीकडे सारखंच असतं, मॅम" असं जो म्हणेल त्याला नमस्कार कर आणि फोन ठेव.

करार लेखी हवा. बैठका किती, किती मिनिटांच्या, मध्येच सोडलं तर पैसे किती परत, आणि तू सांगितलेलं बाहेर कुठे जाणार नाही, एवढं तरी त्यात असू दे. पहिली ओळखीची बैठक बहुतेक चांगले कोच पैसे न घेता करतात. सुरुवातीला चार-सहा बैठकांपुरतंच ठरव, वर्षाचं पॅकेज नको. आणि हप्त्यांवर तर मुळीच नको, आईची एफडी मोडून नको, पाटल्या ठेवून नको. पहिल्या गिऱ्हाइकाचे निम्मे आगाऊ पैसे आले, की त्यातून कोचची पहिली फी दे. तोपर्यंत कोच नाही. हे कडक वाटेल तुला, पण मी यात सूट देणार नाही. गिऱ्हाईक नसताना कोचशी बोलायचं काय? स्वप्नं? ती मला सांग, मी फुकट ऐकते.

संचालक मंडळाच्या बैठकीचं एक सांगायचं राहिलं. तिथे बहुधा तू एकटी बाई असशील. कायद्याने किमान पाच संचालक लागतात. आपल्याकडे खोलीत पंधरा जण असतात, दहा बघायला आलेले. कुणीतरी विचारणारच, "साहेब नाही आले का?" चिडू नकोस, विनोदही करू नकोस. "मीच आलेय. सुरू करायचं?" एवढं म्हण आणि फाइल उघड. चहा तू ओतायचा नाहीस. हे हसण्यावारी नेऊ नकोस हं. एकदा चहा ओतलास की पुढची तीन वर्षं तूच ओतणार, आणि ज्याने ओतला त्याचं बिल कुणी गंभीरपणे घेत नाही. तुझ्या कोचकडून ही बैठक आधी घोटून घे. तो चेअरमन होऊ दे, मध्येमध्ये फोन घेऊ दे, "आमचा पोऱ्या इंजिनिअर आहे, तो करून देईन फुकटात" म्हणू दे. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला एक पुतण्या प्रत्येक चेअरमनला असतो. त्यावर तुझं उत्तर तयार असू दे. माझं असतं: "त्याला जरूर करू द्या. अडलं तर मला बोलवा, माझी रक्कम हीच राहील."

जिल्ह्याचा पसाराही लक्षात घे. तेरा तालुके, मध्ये घाट. जळगाव जामोदहून देऊळगाव राजाला जायचं तर एक दिवस गेलाच समज. पहिलं वर्ष घाटावर तरी राहा नाहीतर घाटाखाली. तुझं घर चिखलीला, तेव्हा घाटावरच राहा: चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. तिकडे आणखी एक काम आहे ज्याकडे कुणाचं लक्ष नाही. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन करणारे शेतकरी कितीतरी आहेत. कंपनी बियाणं देते, सुपरवायझर येऊन संकरण दाखवतो, माल कंपनीच घेते. पण उगवण आणि शुद्धतेच्या तपासणीत माल नापास झाला की शेतकरी हातात करार धरून बसतो आणि त्याला तो वाचता येत नाही. तो करार आधी वाचून समजावून देणारं माणूस तिथे हवं आहे. या लोकांच्या हातात रोख पैसा असतो, आणि नुकसान त्यांनी पाहिलेलं असतं. मी वर म्हटलं ना, तिसरी गोष्ट पुढच्या वर्षी; ती ही असू शकेल. घाई करू नकोस.

नोकरी कधी सोडायची? सोयाबीन काढणीत नक्कीच नाही. ऑक्टोबरात कुणी फोन उचलत नाही. सगळे मळणी यंत्राच्या मागे, नाहीतर खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे की नाही ते बघत रांगेत. दिवाळी होऊ दे, कापसाचा पहिला पैसा घरात येऊ दे. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सव होतो, त्या सुमाराला माणसं जरा मोकळी असतात, बोलतात. जानेवारी ते मार्च तुझे. वर्षअखेर हिशोब हवेच असतात. तोपर्यंत नोकरीत राहून, नोकरीची वेळ न वापरता, तीन कंपन्यांशी बोलून ठेव.

आणि संस्थेने तुझ्याकडून लिहून घेतलंय ना, सोडल्यावर दोन वर्षं हे काम करणार नाही म्हणून? त्याला घाबरू नकोस. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असं सांगतं, की कुणाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द धरला जातो. नोकरी सोडल्यानंतरच्या बंदीला म्हणून आपल्याकडे कोर्टात फारसं बळ मिळत नाही. पण संस्थेच्या फायली, शेतकऱ्यांचे आधार, सातबारे, फोन नंबरांची ती एक्सेल शीट, यांतलं काहीही पेन ड्राइव्हवर घेऊन बाहेर पडू नकोस. ते तुझं नाही. माणसं ओळखतेस तेवढं पुरे, नंबर त्यांच्याकडून नव्याने घे.

कागदपत्रांचं झटपट सांगते, बाकी सीएला विचार. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, एजंटला दोन हजार देऊ नकोस. व्यवसाय कर वर्षाला २,५००, स्वतःच्या नावाने. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. कृषी विस्ताराच्या सेवेला तशीही सूट आहे, प्रोजेक्ट रिपोर्टला नाही, हा फरक बिलावर दिसू दे. एखाद्या कंपनीकडून वर्षाला ५०,००० च्या वर फी आली तर ती १० टक्के टीडीएस कापेल; ते पैसे बुडाले असं समजून रडू नकोस, विवरणपत्र भरलं की हिशोबात येतात. तांत्रिक सल्लागारांना निम्मी जमा नफा धरून कर भरायची सोय आहे, तुझं काम त्यात बसतं का ते विचारून घे. आणि बँकेत वेगळं खातं. घरखर्चाच्या खात्यात फी घेतलीस तर ती किराण्यात जाते, आणि वर्षअखेरीला तुलाच कळत नाही की धंदा चालला की नाही.

घरच्यांचं म्हणशील तर सासूबाईंना आधी सांग, नवऱ्याला नंतर. हसू नकोस. तू दिवसभर कुठे जातेस ते शेजारी त्यांनाच विचारणार आहेत. "सल्ला देते" म्हणालीस तर त्यांना काही कळणार नाही. "कंपन्यांचे हिशोबाचे कागद करून देते, त्याचे पैसे मिळतात" असं सांग, त्या दारात बसून तुझी जाहिरात करतील, तुझ्या त्या कोचपेक्षा बरी.

चिखलीजवळच्या ज्या कंपनीने तुला मागच्या महिन्यात "मॅडम, आमचं तेवढं करून द्या ना" म्हटलं होतं, तिच्यापासून सुरुवात कर. या रविवारी कोटेशन लिही. एक पान. वर कामाचं नाव, खाली त्यात काय येतं आणि काय येत नाही, मग रक्कम, आकड्यात आणि अक्षरात दोन्ही. निम्मी आगाऊ, उरलेली काम झाल्यावर पंधरा दिवसांत. प्रवासखर्च वेगळा लिही. "सवलतीच्या दरात" हे शब्द कुठेही घालू नकोस. व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी मला पाठव, मी फक्त रक्कम बघेन. आणि मग चेअरमनला फोन लावून तोंडानेही सांग. दुपारी चारनंतर लाव, त्याआधी ते झोपलेले असतात.